एडिसनच्या फोनोग्राफमध्ये टेंटरचं काय आहे?

प्रश्न असा आहे: घरात पणजोबांच्या वेळचा एडिसन कंपनीचा 'स्टँडर्ड' फोनोग्राफ आहे. सोबत काही मेणाच्या चुड्या, म्हणजे आवाज कोरलेली पोकळ नळकांडी आहेत, दोन तपकिरी आणि बाकीच्या काळ्या. फोनोग्राफ एडिसनने शोधला असं शाळेत शिकलो, पण अलीकडे वाचनात आलं की मेणावर आवाज कोरण्याची पद्धत एडिसनची नव्हे, ती बेल आणि टेंटर यांची. मग एडिसनने नेमकं काय केलं, या लोकांनी काय केलं, त्याने आवाजात फरक काय पडला? आणि हे यंत्र आज वाजवावं का?

मी अशी यंत्रं दुरुस्त करतो आणि चुड्यांवरचा आवाज संगणकावर उतरवून देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. आधी थेट उत्तर देतो. आवाज साठवता येतो आणि तो परत ऐकता येतो, हे जगात पहिल्यांदा करून दाखवलं ते एडिसनने. त्याबद्दल वाद नाही. पण तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकता यावा, एका यंत्रावरून उतरवून दुसऱ्यावर चढवता यावा, घरात ठेवता यावा, यासाठी ज्या दोन गोष्टी लागतात त्या वॉशिंग्टनच्या एका छोट्या प्रयोगशाळेत झाल्या. त्या करणारे हात मुख्यतः चार्ल्स समनर टेंटर या उपकरण कारागिराचे होते. तुमच्या यंत्रावर नाव एडिसनचं असलं तरी सुई चुडीला जिथे टेकते तिथे काम टेंटरचं आहे. फोनोग्राफच्या इतिहासात या माणसाला त्याच्या वाट्याचं श्रेय मिळालेलं नाही असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कथलाच्या वर्खापासून करावी लागेल. डिसेंबर १८७७ मध्ये मेन्लो पार्कच्या कारखान्यात जॉन क्रूसी याने एडिसनच्या रेखाटनावरून पहिलं यंत्र बनवलं. पितळी रूळ, त्यावर मळसूत्रासारखा फिरत गेलेला चर, त्यावर गुंडाळलेला कथलाचा पातळ वर्ख, आणि एका बाजूला पडद्याला जोडलेलं बोथट टोक. हाताने दांडा फिरवायचा आणि मोठ्याने बोलायचं. पडदा थरथरतो, टोक खालीवर होतं आणि चराच्या पोकळीवर ताणलेला वर्ख कमीजास्त दाबला जातो. त्याच खुणांवरून दुसरं टोक फिरवलं की त्याच्या मागचा पडदा थरथरतो आणि बोललेलं ऐकू येतं. १९ फेब्रुवारी १८७८ ला एडिसनला त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. ज्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं ते थक्क झाले, आणि त्यांनी व्हायलाच हवं होतं.

पण या यंत्रात घडणारी क्रिया दाबण्याची आहे हे लक्षात घ्या. वर्ख दाबला की तो जागच्या जागी राहत नाही. शेजारचा वर्खही ओढला जातो, आधीची खूण थोडी सपाट होते, पुढची थोडी वाकडी. मोठ्या, जाड ध्वनींना हे चालून जातं. बारीक ध्वनी मात्र मरतात. 'स', 'श', 'फ' यांची कंपनं अतिशय सूक्ष्म आणि जलद. ताणलेल्या वर्खावर त्यांची खूण उमटतच नाही. 'सासूबाई' म्हटलं तर 'आ-ऊबाई' सारखं काहीतरी ऐकू यायचं. बोलणाऱ्याने काय म्हटलं हे आधी माहीत असेल तरच समजायचं. तीन-चार वेळा वाजवला की वर्ख सपाट होऊन आवाज संपायचा. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वर्ख रुळावरून काढला की तो पुन्हा त्याच जागी बसवणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे साठवणूक ही फक्त तेवढ्या वेळापुरती होती. लोकांना तिकीट लावून दाखवायला ती पुरली, त्यापुढे नाही. काही महिन्यांत कुतूहल ओसरलं, आणि एडिसन विजेच्या दिव्याच्या मागे लागला. पुढची बरीच वर्षं त्याने फोनोग्राफकडे फारसं पाहिलं नाही.

एक गोष्ट एडिसनच्या बाजूने सांगायला हवी. १८७८ च्या त्याच्या ब्रिटिश पेटंटमध्ये वर्खाऐवजी पॅराफिन किंवा मेण लावलेला कागद वापरता येईल असा उल्लेख आहे. म्हणजे मेण हा पदार्थ त्याला सुचला होता. पण त्या मेणावरही तो खूण दाबूनच उमटवणार होता, आणि खरा अडथळा पदार्थात नव्हता, दाबण्यात होता.

१८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनबद्दल फ्रान्सचं व्होल्टा पारितोषिक मिळालं, रक्कम ५०,००० फ्रँक. त्या पैशातून त्याने वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा उभारली, तिचं नाव व्होल्टा लॅबोरेटरी. काम करणारे तिघे: स्वतः बेल, लंडनहून आलेला त्याचा रसायनशास्त्रज्ञ चुलतभाऊ चिचेस्टर बेल, आणि टेंटर.

टेंटर १८५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन गावात जन्मला. शाळा जेमतेम, जे शिकला ते वाचून आणि हाताने करून. अल्व्हन क्लार्क अँड सन्स या दुर्बिणी बनवणाऱ्या नामांकित कारखान्यात त्याने काम केलं. १८७४ मध्ये शुक्राचं सूर्यबिंबावरचं अधिक्रमण पाहण्यासाठी अमेरिकन सरकारने पथकं पाठवली, त्यांपैकी न्यूझीलंडला गेलेल्या पथकात तो होता. अशा माणसाला इंचाचा हजारावा भाग म्हणजे काय हे बोटांना माहीत असतं. पुढे बेलसोबत त्याने प्रकाशकिरणांवरून आवाज पाठवणारा फोटोफोन केला. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना १८८१ च्या उन्हाळ्यात गोळी लागली तेव्हा शरीरातली गोळी शोधण्यासाठी बेलने जे विद्युत उपकरण घाईने तयार केलं, त्यातही टेंटरचा हात होता. त्याच वर्षी या तिघांचे फोनोग्राफवरचे प्रयोगही चालू होते.

आता मुद्द्यावर येऊ. त्यांनी एडिसनच्या धर्तीचं यंत्र घेतलं, रुळावरच्या चरात मेण भरलं, आणि बोथट टोकाच्या जागी धारदार पातं लावलं. ओल्या मातीत बोट दाबलं तर माती कडेला फुगून येते. तीच माती चाकूने कापून काढली तर कडा जशीच्या तशी राहते. इतकाच फरक, पण त्यात सगळं आलं. कापताना निघालेलं मेण बाहेर पडतं, शेजारच्या भागाला ढकलत नाही. त्यामुळे एका कंपनाची खूण पुढच्या कंपनाला बिघडवत नाही आणि बारीक ध्वनी टिकतात. कापायला लागणारा जोरही दाबण्यापेक्षा कमी आणि सारखा असतो, म्हणून बोलणाऱ्याला ओरडावं लागत नाही.

हे वाचून पटणं वेगळं आणि पाहणं वेगळं. कोऱ्या तपकिरी चुडीवर मी जेव्हा आवाज कोरतो तेव्हा पात्याच्या मागून मेणाचा केसाइतका बारीक, सलग धागा निघत राहतो. तो सलग निघतोय तोवर समजायचं की काप बरोबर आहे. धागा तुटून भुगा पडायला लागला तर मेण थंड आहे किंवा पातं बोथट आहे, आणि वाजवताना त्या जागी खरखर ऐकू येणार हे नक्की. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी हे हमखास होतं. चुडी आधी थोडी कोमट करून घ्यावी लागते. जुन्या काळचे ध्वनिमुद्रण करणारे लोकही कोऱ्या चुड्या गरम कपाटात ठेवायचे. त्या धाग्याकडे पाहिलं की टेंटरने काय बदललं ते कुणालाही समजतं. कथलाच्या वर्खावर असा धागा निघण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिथे काही कापलंच जात नव्हतं.

मात्र मेण मऊ असतं, आणि त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. एडिसनच्या यंत्रात वाजवण्याचं टोक घट्ट बसवलेलं असे. मेणाच्या चरावर असं ताठ टोक फिरवलं तर ते चर खरवडून टाकणार. शिवाय रूळ कधीच पूर्ण गोल नसतो, त्यावरचं मेण सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं, आणि आट्यांच्या दांड्याने पुढे सरकणारं टोक चराच्या बरोबर मध्यावर येईलच असं नाही. थोडं इकडेतिकडे झालं की ते चराची भिंत खाणार.

यावर त्यांनी जे केलं ते मला कापण्याच्या कल्पनेपेक्षाही मोठं वाटतं. वाजवणारं टोक त्यांनी मोकळं सोडलं. ते वरखाली आणि थोडं डावीउजवीकडे हलू शकेल अशा सैल सांध्यावर लावलं, आणि ते चरात टिकावं म्हणून फक्त त्याच्या स्वतःच्या वजनाचा आधार घेतला. टोक आता चराला आपल्या मार्गाने नेत नाही, चर टोकाला नेतो. पेटंटच्या भाषेत याला तरंगती सुई म्हणतात. पुढे शंभर वर्षं आपण ज्या तबकड्या वाजवल्या, त्यांच्या प्रत्येक प्लेअरमध्ये सुई अशीच चराच्या मागे जाते. कोरणारं पातं आणि वाजवणारी सुई यांची कामं मुळातच वेगळी आहेत, एक धारदार आणि पक्कं हवं, दुसरं गुळगुळीत आणि सैल हवं, हे इतक्या स्पष्टपणे यंत्रात उतरवलेलं त्याआधी दिसत नाही.

ऑक्टोबर १८८१ मध्ये त्यांनी हे मेण भरलेलं यंत्र पेटीत बंद करून, मोहोर लावून स्मिथ्सोनियन संस्थेत ठेवलं, उद्या कुणी श्रेयावरून भांडलं तर पुरावा असावा म्हणून. पेटी उघडली गेली १९३७ मध्ये. त्या मेणावर कोरलेल्या शब्दांत एक वाक्य असं होतं: मी ग्राफोफोन आहे आणि माझी आई फोनोग्राफ होती. ग्राफोफोन हे त्यांनी आपल्या यंत्राला दिलेलं नाव. वंशावळ त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगून ठेवली होती, हे मला फार आवडतं.

व्होल्टा लॅबोरेटरीत याशिवाय कितीतरी गोष्टी करून पाहिल्या गेल्या. चुडीऐवजी सपाट तबकड्या, उभ्या कंपनांऐवजी नागमोडी आडवे चर, काचेवर प्रकाशाने आवाज नोंदवणं, मेणावरून धातूचे साचे काढणं. यातल्या बहुतेक गोष्टी पुढे दुसऱ्यांच्या नावावर जगात आल्या. त्या तबकड्यांपैकी बऱ्याच स्मिथ्सोनियनमध्ये पडून होत्या, आणि त्या कशा वाजवायच्या हे कुणालाच माहीत नव्हतं. २०११ मध्ये कार्ल हेबर आणि त्यांच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी सुई न लावता, चरांची अतिसूक्ष्म छायाचित्रं घेऊन आणि त्यांवरून गणिताने कंपनं काढून, काही तबकड्यांचा आवाज परत मिळवला. १५ एप्रिल १८८५ ची एक मेणाची तबकडी अशीच बोलली, आणि तिच्यावर अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा स्वतःचा आवाज निघाला. टेलिफोन शोधणाऱ्या माणसाचा आवाज कसा होता हे जगाला २०१३ मध्ये कळलं.

४ मे १८८६ ला चिचेस्टर बेल आणि टेंटर यांना पेटंट क्रमांक ३,४१,२१४ मिळालं. ग्राफोफोनचा पुढचा सगळा डोलारा याच्यावर उभा आहे. बाजारात आलेलं यंत्र शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं होतं. ब्रिजपोर्टमधल्या हाउ कंपनीच्या शिलाई मशीनच्या कारखान्यातच ते बनत असे. वेग सारखा राहावा म्हणून त्याला गव्हर्नर जोडलेला होता, कारण वेग बदलला की आवाजाची पट्टी वरखाली होते आणि हाताने फिरवलेल्या यंत्रात ते टाळताच येत नाही. चुडी म्हणजे पुठ्ठ्याची ६ इंच लांब, १ ५/१६ इंच व्यासाची नळी, वर मेणाचा पातळ थर. ती यंत्रावरून काढायची, टपालाने पाठवायची, दुसऱ्या यंत्रावर चढवायची. ऐकायला कानात नळ्या. ग्राहक कोण, तर वॉशिंग्टनचे लघुलेखक आणि कचेऱ्या. संगीताचा विचार त्यात जवळजवळ नव्हताच.

याआधीच, १८८५ च्या सुमारास, ग्राफोफोनच्या लोकांनी एडिसनकडे मिळून काम करण्याचा प्रस्ताव नेला होता. त्याने तो झिडकारला आणि या लोकांना चोर ठरवलं. माझ्या मते इथे एडिसन चुकला. त्याने टाकून दिलेलं काम या लोकांनी उचललं होतं, आणि ते लपवून नाही, त्याच्यासमोर ठेवून. पण राग माणसाला कामाला लावतो हेही खरं. पुढच्या दोन-तीन वर्षांत एडिसन फोनोग्राफकडे परतला आणि जून १८८८ मध्ये त्याने सुधारलेलं यंत्र पुढे आणलं. त्यातही आता मेण कोरलं जात होतं.

पण त्याने नुसती नक्कल केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. टेंटरच्या चुडीवर मेणाचा थर पातळ होता. एकदा कोरलं की संपलं. एडिसनने सबंध चुडीच मेणासारख्या पदार्थाची केली. खरं तर तो धातूचा साबण होता, स्टिअरिक आम्लापासून बनवलेला, मधमाश्यांच्या मेणापेक्षा कितीतरी कठीण. वरचा थर तासून काढला की तीच चुडी पुन्हा कोरी. आतून तिला थोडा उतार दिला, त्यामुळे ती रुळावर आपोआप घट्ट बसते आणि दर वेळी त्याच जागी बसते. टेंटरच्या नळीपेक्षा व्यास मोठा, सव्वादोन इंच, म्हणजे त्याच फेऱ्यांत सुईखालून जास्त लांबीचा चर जातो आणि बारीक ध्वनींना जागा मिळते. पात्यासाठी आणि सुईसाठी सफायरचा खडा. १९०२ पासून साच्यात ओतलेल्या कठीण काळ्या चुड्या. हे सगळं एडिसन आणि त्याच्या माणसांचं, आणि ते उत्तम आहे. बाजारात टेंटरची पुठ्ठ्याची चुडी मागे पडली ती याच कारणाने.

पेटंटचा झगडा कोर्टात गेला. जेसी लिपिनकॉट नावाच्या काचेच्या व्यापाऱ्याने १८८८ मध्ये दोन्ही बाजूंचे हक्क घेऊन यंत्रं वर्षाला ४० डॉलर भाड्याने द्यायचा धंदा मांडला, तो बुडाला. १८९० नंतर नाणं टाकून गाणी ऐकवणाऱ्या यंत्रांनी सगळ्यांना दाखवून दिलं की पैसा कचेरीत नाही, गाण्यात आहे. मग भांडण आणखी तीव्र झालं. १८९६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने बेल-टेंटर पेटंट वैध धरलं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ग्राफोफोन कंपनी आणि एडिसन यांनी एकमेकांना परवाने दिले. म्हणजे एडिसनच्या कारखान्यातून त्यानंतर निघालेली यंत्रं, त्यात १८९८ पासूनचं 'स्टँडर्ड' आलं, टेंटरच्या कल्पना परवान्याने वापरत होती. श्रेयाचा प्रश्न कागदावर तरी तिथे मिटला.

याचा एक परिणाम आपल्याकडच्या तबकडीप्रेमींना ठाऊक असावा. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोन काढला तेव्हा मेण कोरण्याची वाट पेटंटने अडवलेली होती. त्याने जस्ताच्या तबकडीवर चरबीचा पातळ थर देऊन त्यावर रेषा ओढली आणि ती रेषा आम्लाने खोल केली. आम्ल काही धातूला सुबकपणे कापत नाही, चावत जातं. म्हणून बर्लिनरच्या सुरुवातीच्या तबकड्यांमध्ये खरखर इतकी. १९०० च्या सुमारास एल्ड्रिज जॉन्सनने तबकडीही मेणावर कोरायला घेतली आणि आवाज एकदम स्वच्छ झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गने कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं ते मेणावर. भारतातला पहिला मोठा ध्वनिमुद्रण दौरा जस्तावर झाला असता तर आज त्या आवाजाचं किती उरलं असतं, कुणास ठाऊक.

टेंटर स्वतः १८८८ पासून न्यूमोनियाने आणि पुढच्या आजारपणाने खचत गेला. नंतरचं आयुष्य त्याने कॅलिफोर्नियात सान दिएगोला काढलं आणि तिथेच १९४० मध्ये गेला. त्याच्या कामाच्या नोंदवह्या स्मिथ्सोनियनमध्ये आहेत, आणि व्होल्टा लॅबोरेटरीत काय झालं हे आज आपल्याला जे कळतं ते बरंचसं त्या वह्यांमुळे. ग्रॅहम बेलच्या वाट्याला आलेले पैसे त्याने बहिऱ्या लोकांसाठीच्या व्होल्टा ब्यूरोला दिले. कल्पना तिघांची मिळून होती हे मी नाकारत नाही. पण हजारावा इंच ज्याच्या हातात होता तो टेंटर, आणि हे यंत्र हजाराव्या इंचाचंच आहे.

आता तुमच्या यंत्राकडे. भोंगा काढा आणि साउंडबॉक्स, म्हणजे गोल डबीसारखा भाग, हलकेच बाहेर काढून उलटा धरा. खाली माशाच्या आकाराचा धातूचा जाड तुकडा लोंबताना दिसेल. हे वजन एका टोकाला सैल बिजागरीवर आहे आणि दुसऱ्या टोकाला एका तारेच्या कड्यात, जेवढी मुभा त्या कड्यात तेवढंच ते हलतं. या वजनावर एक छोटी तरफ बसवलेली आहे. तिच्या एका टोकाला सफायर, दुसऱ्या टोकापासून बारीक दुवा पडद्याच्या मध्यापर्यंत. चुडी थोडी वाकडी असेल तर ती दर फेरीला हळू वरखाली होते, आणि वजन तिच्याबरोबर वरखाली होतं. पडद्याला त्याचा पत्ता लागत नाही. आवाजाची कंपनं सेकंदाला शेकड्याने, हजाराने येतात. जड वजन इतक्या जलद हलूच शकत नाही, ते स्थिर राहतं, मग फक्त तरफ हलते आणि पडदा बोलतो. संथ हालचाल वजनाकडे, जलद हालचाल पडद्याकडे, अशी वाटणी कुठल्याही विजेशिवाय. टेंटरने सैल सोडलेली सुई ती हीच. एडिसनच्या लोकांनी तिला फार सुरेख रूप दिलं.

माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी खोड इथेच असते. कुणीतरी 'सैल झालंय' म्हणून बिजागरी आवळलेली असते, किंवा शिलाई मशीनचं तेल घातलेलं असतं आणि त्यात धूळ बसून सांधा घट्ट झालेला असतो. आवाज बारीक येतो म्हणून वजनावर शिसं चिकटवलेलंही मी पाहिलं आहे. तिन्ही गोष्टी चुडी खातात. तुमचं तपासा: वजन बोटाच्या टोकाने उचलून सोडा, ते न अडखळता खाली पडलं पाहिजे आणि डावीउजवीकडे किंचित हललं पाहिजे. हलत नसेल तर जाणत्याकडून साफ करून घ्या, तोवर चुडी लावू नका. पडद्याच्या कडेची रबराची चकती शंभर वर्षांत दगड झालेली असते. ती बदलली की आवाज अर्ध्याहून अधिक परत येतो, तेही वजनाला हात न लावता.

साउंडबॉक्सवर इंग्रजी 'सी' अक्षर असेल तर तो दोन मिनिटांच्या चुड्यांसाठी आहे. काळ्या चुड्यांच्या कडा पाहा: '४ एम' अशी खूण असेल तर ती चार मिनिटांची, तिचे चर दुप्पट दाट, इंचाला १०० ऐवजी २००. ती 'सी' ने वाजवू नका, जाड सुई एकाच वेळी दोन चरांवर बसते. बाकीच्या काळ्या चुड्या वेग १६० फेऱ्यांवर ठेवून कधीमधी वाजवायला हरकत नाही. वेग मोजायला चुडीखालून कागदाची चिठ्ठी बाहेर डोकावेल अशी ठेवा आणि १५ सेकंदांत ४० वेळा येते का ते पाहा.

चुडी धरताना दोन बोटं आत घालून ती अलगद फाकवायची; बाहेरून धरायची नाही. गरम हाताने थंड काळी चुडी पकडली तर ती तडकते, हे खरंच होतं. नाव कोरलेली कड उजवीकडे ठेवून रुळावर सरकवा, अडेल तिथे थांबा, दाबू नका.

तपकिरी दोन मात्र या यंत्रावर अजिबात वाजवू नका, एकदासुद्धा नाही. त्यांचं मेण मऊ आहे आणि 'सी' चं वजन त्यांना जास्त होतं. त्यांचा वेगही बहुधा १६० पेक्षा कमी असणार, त्यामुळे आवाजही चुकीच्या पट्टीत येईल. आणि तपकिरी चुड्यांवर घरी कोरलेला आवाज असण्याची शक्यता असते, कारण ही यंत्रं कोरण्याच्या पात्यासकट विकली जात. पणजोबांनी घरातल्या कुणाला त्यावर बोलायला लावलं असेल तर ती जगात एकच प्रत आहे. हलक्या विद्युत पिकअपने किंवा चरांच्या छायाचित्रणाने तिचा आवाज एकदा उतरवून घ्या. पृष्ठभागावर पांढरट ठिपके दिसत असतील तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत जवळजवळ प्रत्येक चुडीवर असते. ती मेण खाते आणि खाल्लेला भाग परत येत नाही. पाण्याने धुऊ नका, कापडाने घासू नका, मऊ कोरड्या कुंचल्याने वरची धूळ फक्त झटका. मूळ पुठ्ठ्याच्या डबीतला कापूस ओल धरतो, तो काढून टाका. दोन्ही चुड्या आडव्या न ठेवता उभ्या करून, कोरड्या कपाटात, उन्हापासून लांब ठेवा आणि पावसाळा सुरू होण्याआधी आवाज उतरवून घ्यायला पाठवा.